ईगल्सचं नेमकं कुठे बिघडलं?

२६ नोव्हेंबर २०२३ ची संध्याकाळ. फिलाडेल्फियात पाऊस पडतोय. बफलो बिल्सविरुद्ध ईगल्स तीन गुणांनी मागे, घड्याळात जेमतेम वीसेक सेकंद उरलेले, आणि जेक एलियट नावाचा त्यांचा किकर ५९ यार्डांवरून ओल्या मैदानात चेंडूला लाथ घालतो. चेंडू बरोब्बर खांबांच्या मधून पार! बरोबरी. मग ओव्हरटाइममध्ये जेलन हर्ट्स, म्हणजे त्यांचा क्वार्टरबॅक, स्वतःच चेंडू घेऊन पळत सुटतो आणि सामना खिशात. ३७-३४. अकरा सामन्यांत दहा विजय. त्या वेळी अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात चांगला रेकॉर्ड.

त्यानंतरचे सात सामने : एक विजय, सहा पराभव. शेवटचा पराभव १५ जानेवारी २०२४ ला प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत, टँपा बे बकनिअर्सकडून ३२-९. तोही असा की थर्ड डाऊनला नऊ वेळा प्रयत्न केला आणि नऊही वेळा फसला. गल्ली क्रिकेटमध्येसुद्धा नऊपैकी एखादा कॅच चुकून हातात बसतो हो.

अमेरिकन फुटबॉल बघणारे आपल्यात आता बरेच आहेत. कोणी एमएस करताना नादाला लागलं, कोणी ऑनसाइटला असताना. त्यांच्यात या घसरगुंडीवर तेव्हा जे बोललं गेलं ते सगळं एका प्रश्नाभोवती फिरत होतं : कोणामुळे झालं? हर्ट्समुळे? मुख्य कोच निक सिरियानीमुळे? डिफेन्स बघणाऱ्या देसाईमुळे? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. प्रॉडक्शनमध्ये काही कोसळलं की पहिली मीटिंग "कोणी चेक-इन केलं होतं?" याचसाठी भरते, आणि तिच्यातून आजवर कधी खरं कारण बाहेर आलेलं मी पाहिलेलं नाही. माझं म्हणणं असं, की ईगल्स डिसेंबरमध्ये बिघडले नाहीत. बिघाड फेब्रुवारीत झाला होता. डिसेंबरपर्यंत तो दिसला नाही, एवढंच.

ज्यांना या खेळातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. (कळतं त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.)

संघाचे दोन वेगळे ताफे असतात. एक चेंडू पुढे नेणारा, ऑफेन्स. दुसरा अडवणारा, डिफेन्स. दोन्हीकडे खेळाडूही वेगळे आणि त्यांना चालवणारे कोचही वेगळे. या कोचना कोऑर्डिनेटर म्हणतात. आपल्या बोलिंग कोचसारखा हा माणूस नेटमध्ये टिप्स देऊन ड्रेसिंग रूममध्ये जाऊन बसत नाही. कल्पना करा की बुमराने पुढचा प्रत्येक चेंडू कुठे टाकायचा आणि कोणता फील्डर कुठे उभा करायचा, हे बोलिंग कोच कानात सांगतोय. अक्षरशः कानात, कारण एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो. प्ले क्लॉकवर पंधरा सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो. त्यापुढे समोरच्याने ऐनवेळी काही बदललं तर मैदानातल्या खेळाडूंनी आपलं आपण निस्तरायचं. थोडक्यात, कोऑर्डिनेटर बदलला म्हणजे प्रोग्रॅमर बदलला नाही, ऑपरेटिंग सिस्टिम बदलली.

आता आकडे. आकड्यांवर माझं जरा जास्तच प्रेम आहे, तर थोडं सहन करा.

बिल जेम्स नावाच्या एका बेसबॉलवेड्या माणसाने एक ठोकताळा शोधला. संघाने किती गुण केले आणि किती दिले, एवढ्यावरून त्याने साधारण किती सामने जिंकायला हवे होते हे काढता येतं. केलेल्या गुणांचा वर्ग, भागिले केलेल्यांचा वर्ग अधिक दिलेल्यांचा वर्ग. दिसायला पायथागोरसच्या प्रमेयासारखं, म्हणून नावही तेच पडलं. फुटबॉलसाठी वर्गाऐवजी २.३७ चा घात वापरतात. ईगल्सने पहिल्या अकरा सामन्यांत केले ३१० गुण, दिले २४६. एक्सेलमध्ये टाकून बघा. उत्तर येतं सात विजयांच्या आसपास. प्रत्यक्षात होते दहा.

म्हणजे तीन विजय उसने.

कुठून आले हे तीन? त्या दहा विजयांतले सात विजय एका स्कोअरच्या आतले, म्हणजे आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने मिळालेले. वॉशिंग्टनविरुद्ध घरच्या मैदानावर ओव्हरटाइममध्ये ३४-३१, तेही एलियटच्याच ५४ यार्डांच्या किकवर. डॅलसविरुद्ध २८-२३, शेवटच्या क्षणी काउबॉइज गोललाइनपासून हाकेच्या अंतरावर अडवले म्हणून. कॅन्सस सिटीत २१-१७, आणि तिथे तर चीफ्सच्या मार्केझ व्हाल्डेस-स्कँटलिंगच्या हातात आलेला, जवळजवळ टचडाऊनच असलेला चेंडू त्याने सोडला. आणि वर सांगितलेला बिल्सचा सामना, ज्यात बिल्सनी पाचशेच्या वर यार्ड काढले होते. यातले दोन-तीन सामने पलटले असते तर आपण ७-४ च्या एका बऱ्या संघाबद्दल बोलत असतो आणि कोणाला घसरगुंडी म्हणायचं सुचलंही नसतं.

आता कोणी म्हणेल, चुरशीचे सामने जिंकणं हीसुद्धा एक कला आहे. धोनी नव्हता का शेवटच्या ओव्हरपर्यंत नेत? थोडंफार मान्य. ईगल्सकडे तर यासाठी हक्काचं हत्यारही होतं. एक यार्ड हवा असला की हर्ट्सने चेंडू घ्यायचा आणि मागून दोघातिघांनी त्याला चक्क ढकलायचं. लोक याला टश पुश म्हणतात. पुढे जेसन केल्सीसारखा सेंटर आणि दणकट फळी असल्यामुळे ते थांबवणं कोणाला जमत नव्हतं. पण हे हत्यार म्हणजे कॅशसारखं आहे. समोर कॅश असेपर्यंत पान झटकन उघडतं, आणि मागची डेटाबेस क्वेरी किती रडतखडत चालली आहे ते कोणाच्या लक्षात येत नाही. मग एके दिवशी ट्रॅफिक वाढतो.

ईगल्सचा ट्रॅफिक ३ डिसेंबरला वाढला. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स पहिल्या दोन पझेशनमध्ये एक यार्डही पुढे सरकले नाहीत आणि मग सलग सहा वेळा टचडाऊन करून गेले. ४२-१९. पुढच्या रविवारी डॅलसमध्ये ३३-१३.

(फोर्टीनाइनर्सच्या सामन्यात एक गंमत झाली. मैदानाच्या कडेला झालेल्या झटापटीत ईगल्सच्या सुरक्षा प्रमुखालाच बाहेर काढलं, आणि लीगने त्याला पुढेही काही सामने साइडलाइनवर यायला बंदी केली. तो गेला आणि संघ हरायला लागला! फिलाडेल्फियात ही थिअरी बऱ्याच जणांनी मोठ्या श्रद्धेने मांडली. माझ्या मते बाकीच्या अनेक थिअऱ्या याच दर्जाच्या होत्या, फक्त इतक्या मजेशीर नव्हत्या.)

तर आता फेब्रुवारीकडे.

१२ फेब्रुवारी २०२३ ला ईगल्स सुपर बोल हरले, चीफ्सकडून ३८-३५. २०२२ चा तो संघ जबरदस्त होता. साखळीत १४-३, आणि सत्तर सॅक, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधी सत्तर वेळा लोळवलं. पण सुपर बोलमध्ये एकही सॅक नाही, आणि उत्तरार्धात चीफ्सने २४ गुण चोपले. त्यानंतर काही दिवसांतच दोन्ही कोऑर्डिनेटर गेले. ऑफेन्सचा शेन स्टायकेन इंडियानापोलिसचा मुख्य कोच झाला, डिफेन्सचा जॉनथन गॅनन अ‍ॅरिझोनाचा.

यात कोणाचीही चूक नाही. बढती मिळाली, गेले. मी असतो तरी गेलो असतो. घोळ वेळेचा होता. सुपर बोलपर्यंत पोचलेल्या संघाचा हंगाम सगळ्यात शेवटी संपतो. तोपर्यंत बाकीच्या संघांनी जानेवारीतच बाजारातली चांगली माणसं उचललेली असतात. विक फॅन्जिओ हा डिफेन्समधला म्हातारा उस्ताद २०२२ मध्ये ईगल्सचाच सल्लागार होता, त्यांच्या घरातच बसलेला. पण गॅनन जाणार हे पक्कं होण्याआधी त्याने मायामीला होकार देऊन टाकला होता. आपल्याकडे नोटीस पीरियडचा हा खेळ कोणी अनुभवला नसेल? सीनिअर माणूस रिलीज संपल्यावर पेपर टाकतो, आणि ज्याला त्याच्या जागी घ्यायचं मनात असतं त्याने आधीच्याच सोमवारी दुसरीकडे जॉइन केलेलं असतं.

मग ऑफेन्स दिला क्वार्टरबॅक कोच ब्रायन जॉन्सनला, आतूनच बढती. आणि डिफेन्स दिला शॉन देसाईला.

देसाई म्हटल्यावर तुमच्यासारखेच माझेही कान टवकारले होते. एनएफएलमध्ये कोऑर्डिनेटरच्या खुर्चीत बसलेला हा भारतीय वंशाचा पहिला माणूस. ते झालं शिकागोत, २०२१ साली. स्वतः या पातळीवर कधी खेळलेला नाही, टेम्पल विद्यापीठातून शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट केलेला. म्हणजे आपल्या आयाबापांना आवडेल असा कोच :-) तेव्हा पुढे मी त्याची बाजू घेतोय असं वाटलं तर थोडी घेतोयच. पण आकडे माझे नाहीत, ते स्कोअरबोर्डवरचे आहेत.

बिचाऱ्याला मिळालं काय ते बघा. २०२२ च्या डिफेन्समधून जेव्हॉन हारग्रेव्ह गेला, ज्याने मधून मुसंडी मारून अकरा सॅक काढले होते. सी. जे. गार्डनर-जॉन्सन गेला, सहा इंटरसेप्शनसह त्या वर्षी लीगमध्ये संयुक्त पहिला. दुसरा सेफ्टी मार्कस एप्स गेला. आणि मधल्या फळीतले दोन्ही लाइनबॅकर गेले, टी. जे. एडवर्ड्स आणि कायझर व्हाइट.

माझ्या मते खरं भगदाड इथे, एडवर्ड्सच्या जागी पडलं. हा काही पोस्टरवर झळकणारा खेळाडू नव्हे. ड्राफ्टमध्ये त्याला कोणी घेतलंसुद्धा नव्हतं. पण २०२२ मध्ये त्याने १५९ टॅकल केले होते आणि मैदानात इतरांना जागेवर उभं करण्याचं काम तो करत होता. रेडिओ बंद झाल्यावरच्या पंधरा सेकंदांचा मालक म्हणा ना. प्रत्येक टीममध्ये असा एक जण असतो. अप्रेझलमध्ये त्याला "मीट्स एक्स्पेक्टेशन्स" मिळतं, आणि तो सोडून गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात कळतं की बिल्ड सर्व्हरचा पासवर्ड फक्त त्यालाच माहीत होता.

हे भगदाड ईगल्सने जाणूनबुजून राहू दिलं. जनरल मॅनेजर हावी रोझमनचं सूत्र असं, की पैसा दोन्ही बाजूंच्या धिप्पाड फळ्यांवर, क्वार्टरबॅकवर आणि कडेच्या कॉर्नरबॅकवर लावायचा आणि मधल्या लाइनबॅकरवर काटकसर करायची. क्लबची ही परंपरा जुनीच. १९७९ मध्ये जेरी रॉबिन्सनला घेतल्यानंतर त्यांनी मधल्या फळीचा लाइनबॅकर पहिल्या फेरीत थेट २०२५ साली घेतला. एप्रिल २०२३ मध्ये हर्ट्सशी पाच वर्षांचा २५.५ कोटी डॉलर्सचा करार झाला, त्यामुळे पगाराच्या मर्यादेत कुठेतरी कात्री लागणारच होती. एडवर्ड्सच्या जागी नकोबी डीन नावाचा तरुण पोरगा तयार ठेवला होता. तो पहिल्याच सामन्यात पायाला दुखापत होऊन बाहेर गेला आणि हंगामात जेमतेम पाच सामने खेळला. त्याला बॅकअप म्हणून एक-एक वर्षाच्या करारावर आणलेली माणसं. डिसेंबरमध्ये तर शकील लेनर्डला घाईघाईने बोलावून घेतलं. एके काळचा फार मोठा खेळाडू, पण पाठीच्या शस्त्रक्रियांनंतर पूर्वीसारखा राहिला नव्हता. कडेला डेरियस स्ले ३२ वर्षांचा, जेम्स ब्रॅडबेरी ३०. या जागेसाठी ही वयं उतरणीची. वर अव्हॉन्टे मॅडॉक्स दुसऱ्याच आठवड्यात जखमी.

म्हणजे समोरच्या संघांना सोपं गणित मिळालं : चेंडू मधोमध, झटकन फेका. पुढची फळी कितीही दांडगी असली तरी तिला पोचायला अडीच सेकंद लागतात, आणि चेंडू दोनमध्येच सुटला तर ती काय करणार? सॅक सत्तरवरून ४३ वर आले. लोकांना वाटलं पुढचे थकले. मला वाटतं मागचे उशिरा पोचत होते.

ऑफेन्सची कथा थोडी वेगळी आणि माझ्या मते सिरियानीला जास्त चिकटणारी. मूळ पद्धत सिरियानीचीच होती. २०२१ मध्ये त्याने चाली ठरवण्याचं काम स्टायकेनकडे दिलं, आणि स्टायकेनच्या हातात ती पद्धत बहरली. तो गेल्यावर पद्धत राहिली, हात गेला. जॉन्सन हर्ट्सला लहानपणापासून ओळखणारा, हर्ट्सच्या वडिलांच्या हाताखाली शाळेत खेळलेला. नातं उत्तम. पण प्रतिस्पर्ध्यांकडे आता दोन वर्षांची फिल्म होती. त्यांनी ओळखलं, की ब्लिट्झ केला, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त माणसं क्वार्टरबॅकच्या अंगावर सोडली, की ईगल्सकडे ठरलेलं उत्तर नाही. खरं तर ब्लिट्झवर उत्तर अगदी पाठ्यपुस्तकी असतं. जास्त माणसं आत आली म्हणजे मागे कुठेतरी जागा रिकामी झाली, तिथे एकाने आखूड पळायचं आणि क्वार्टरबॅकने पटकन त्याच्याकडे चेंडू द्यायचा. ईगल्सचे रिसीव्हर मात्र अशा वेळीसुद्धा लांब लांब पळत असत, आणि हर्ट्स मागे मागे सरकत असे. २०२२ मध्ये त्याचे सहा चेंडू समोरच्यांनी पकडले होते, २०२३ मध्ये १५. टँपाविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात तो मागे सरकता सरकता स्वतःच्या एंड झोनमध्ये पोचला आणि दोन गुण फुकट देऊन बसला.

हर्ट्सला शिव्या घालणाऱ्यांनी एवढंच सांगावं, की २०२४ मध्ये याच माणसाचे फक्त पाच चेंडू पकडले गेले, ते कसे?

आता डिसेंबरचा तो निर्णय, ज्याच्यावर माझा खरा राग आहे. डॅलसचा पराभव झाला तेव्हा संघ १०-३ होता. पुढचा सामना सिअ‍ॅटलमध्ये १८ डिसेंबरला. त्याच्या तोंडावर बातमी आली, की डिफेन्सच्या चाली यापुढे देसाई ठरवणार नाही, मॅट पट्रीशिया ठरवणार. पट्रीशिया न्यू इंग्लंडमध्ये मोठा झालेला, त्या वर्षी ईगल्सकडे डिफेन्सचा ज्येष्ठ सहायक होता. निर्णय आपला आहे असं सिरियानीने सांगितलं. पण घाईत गेलेला पॅच कसा असतो हे आपण सगळे जाणतो. मी स्वतः एकदा शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता असा पॅच टाकला आहे आणि मग शनिवार-रविवार तो काढत बसलो आहे. इथे तर एक ओळ बदलली नव्हती. तेच खेळाडू, तीच पुस्तकं, डोक्यात तेरा सामने घोकलेली एक भाषा, आणि आता कानात दुसऱ्या पद्धतीत विचार करणारा माणूस. तेही हंगामाचे चार सामने उरलेले असताना, सरावाला आठवड्याचे मोजके दिवस मिळत असताना.

हिशोब सरळ आहे. देसाईच्या हाताखाली तेरा सामन्यांत ३२१ गुण दिले, सरासरी २४.७. पट्रीशियाच्या हाताखाली प्लेऑफ धरून पाच सामन्यांत १३९, सरासरी २७.८. २४.७ म्हणजे काही गौरवास्पद नाही हो, देसाईला निष्पाप ठरवायला मी बसलेलो नाही. पण त्या तेरा सामन्यांत मायामी, कॅन्सस सिटी, बफलो, सॅन फ्रान्सिस्को आणि दोनदा डॅलस होते. नंतरच्या पाचात? सिअ‍ॅटलचा बदली क्वार्टरबॅक ड्रू लॉक शेवटच्या दोन मिनिटांत ९२ यार्ड चालत आला आणि २८ सेकंद उरलेले असताना जिंकून गेला. जायंट्सशी दोन सामने, एक कसाबसा जिंकला, एक २७-१० ने हरले. आणि ३१ डिसेंबरला स्वतःच्या मैदानावर अ‍ॅरिझोना. तीन विजय, बारा पराभव घेऊन आलेला संघ. मध्यंतराला ईगल्स २१-६ पुढे होते. उत्तरार्धात अ‍ॅरिझोनाने २९ गुण केले आणि ३५-३१ ने सामना नेला. त्यांचा कोच कोण? गॅनन! सुपर बोलनंतर फिलाडेल्फियाने ज्याच्या नावाने बोटं मोडली होती तो.

जानेवारीत जॉन्सनला काढलं, देसाईलाही काढलं. पट्रीशियाही राहिला नाही. राहिला फक्त सिरियानी.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. टँपाचा सामना बघून मी ठाम होतो की सिरियानीला हाकलला पाहिजे. संघ हातातून सुटला, डिसेंबरमधला बदल अंगाशी आला, अजून काय व्हायला हवं? मालक जेफ्री लूरीने त्याला ठेवलं तेव्हा मला ते भित्रेपणाचं वाटलं होतं. मी चुकलो. मी ज्यांची टिंगल करतोय त्यांच्यासारखाच "कोणी केलं" मध्ये अडकलो होतो.

लूरी आणि रोझमनने काय केलं ते सावकाश बघण्यासारखं आहे. मायामीतून मोकळा झालेला फॅन्जिओ आणला, एक वर्ष उशिरा का होईना. ऑफेन्सला केलन मूर आणला, बाहेरचा, स्वतःची पद्धत घेऊन येणारा. सिरियानीने स्वतःचं पुस्तक बाजूला ठेवायला होकार दिला, आणि हे सोपं नाही, विचारा कुठल्याही आर्किटेक्टला. ड्राफ्टमध्ये पहिल्या दोन निवडी कॉर्नरबॅकवर खर्च केल्या, क्विन्यॉन मिचेल आणि कूपर डिजीन. न्यूयॉर्कहून सेक्वॉन बार्कली घेतला, त्याने त्या हंगामात २,००५ यार्ड पळून काढले. आणि मला सगळ्यात आवडलेली खरेदी म्हणजे झॅक बॉन. न्यू ऑर्लिन्समध्ये कडेला खेळणारा, बहुतेक वेळ स्पेशल टीमवर घालवणारा माणूस. एक वर्ष, साधारण ३५ लाख डॉलर्स, या लीगच्या हिशोबाने चणेफुटाणे. त्याला फॅन्जिओने मधल्या फळीत उभा केला, एडवर्ड्सच्या त्या भगदाडात. तो त्या वर्षी ऑल-प्रो झाला, पहिल्या संघात.

तरी लगेच चमत्कार झाला नाही. २०२४ च्या पहिल्या चार सामन्यांत दोन विजय, दोन पराभव. चौथ्या सामन्यात त्याच टँपाने पुन्हा ३३-१६ ने धुतलं. डिसेंबर २०२३ ची घबराट पुन्हा झाली असती तर फॅन्जिओचाही देसाई झाला असता. या वेळी कोणी कानातला माणूस बदलला नाही. उरलेल्या तेरा सामन्यांत बारा विजय.

आणि हा आकडा बघा. २०२३ मध्ये सॅक होते ४३, गुण दिले ४२८. २०२४ मध्ये सॅक ४१, म्हणजे दोन कमीच, आणि गुण दिले ३०३! डॅशबोर्डवर आपण जो आकडा ठळक लाल रंगात लावून ठेवतो तो हलला नाही, आणि खाली सगळं बदललं. ९ फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये फॅन्जिओने पॅट्रिक महोम्सवर एकदाही ब्लिट्झ केला नाही. मागे सात जण नीट उभे, पुढे नेहमीचे चारच, आणि सहा सॅक. ४०-२२, आणि तो २२ सुद्धा शेवटी शेवटी चीफ्सनी अब्रू झाकण्यापुरता केलेला.

माझं निदान इथपर्यंत छान जुळतं आणि इथे थांबलो असतो तर मलाही बरं वाटलं असतं. पण सुपर बोल संपला आणि मूर न्यू ऑर्लिन्सचा मुख्य कोच होऊन गेला. पुन्हा फेब्रुवारी, पुन्हा सगळ्यात शेवटी रिकामी झालेली खुर्ची. ईगल्सने पुन्हा आतूनच बढती दिली, केव्हिन पट्युलोला, सिरियानीचा जुना सहकारी. २०२५ चा हंगाम बघताना मला राहून राहून कुठेतरी आधी वाचलेलं पुस्तक पुन्हा हातात आल्यासारखं वाटत होतं. ८-२ अशी सुरुवात, मग सलग तीन पराभव, शेवटी ११-६, अगदी २०२३ सारखेच. प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात घरच्या मैदानावर फोर्टीनाइनर्सकडून २३-१९. फॅन्जिओ जागेवर होता, त्याचा डिफेन्स शेवटपर्यंत चांगला खेळला. बार्कली तोच, हर्ट्स तोच, रिसीव्हर तेच. बदललेली एकच गोष्ट होती, आणि तीच बाजू ढेपाळली.

जानेवारी २०२६ मध्ये पट्युलोला बाजूला केलं. फिलाडेल्फियात त्या आठवड्यातही चर्चा हीच होती, की चूक पट्युलोची की हर्ट्सची.